भूभूला दवाखान्यात नेताना

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्षाच्या व्याख्यानमालेत आधी मधुमेह झाला, मग मृत्युपत्र झालं, मग पुनर्विकास झाला. पुनर्विकासाच्या भाषणाला तर बसायला जागा नव्हती. त्यानंतर सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "डॉक्टर, आता तुम्ही काहीतरी बोला. मुलांना आवडेल असं, पण मोठ्यांनीही बसायला हवं." मी म्हटलं, अहो, मी जनावरांची डॉक्टर, मी काय बोलणार? तर म्हणाले, "तेच बोला. आपल्या बिल्डिंगमध्ये आता माणसांपेक्षा कुत्री जास्त झालीत." हे काही खरं नाही. गेटवरच्या मामांना मी मुद्दाम विचारलं. त्यांच्या हिशेबानं कुत्री अकरा, मांजरं घरातली सहा, आणि बाहेरची किती ते मांजरांनाच माहीत.

मी परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजात शिकले. १८८६ साली सुरू झालेलं ते कॉलेज, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं हॉस्पिटल. ठाण्याहून सकाळची लोकल पकडून जायचं. गावाकडचे नातेवाईक माझ्या आईला विचारायचे, "मुलगी गुरांची डॉक्टर होणार म्हणजे नक्की काय करणार?" आईला उत्तर देता यायचं नाही. खरं तर मलाही तेव्हा देता आलं नसतं. आता इतक्या वर्षांनी सांगू शकते की माझं निम्मं काम जनावरांशी असतं आणि निम्मं माणसांशी. त्या माणसांच्या निम्म्यातला मोठा भाग म्हणजे टेबलाच्या पलीकडे उभी असलेली लहान मुलं. कॉलेजात गाय, म्हैस, घोडा, डुक्कर, कोंबडी सगळं शिकवलं, पण सात वर्षांच्या मुलासमोर त्याच्या कुत्र्याला इंजेक्शन कसं द्यायचं हे कोणी शिकवलं नाही. ते मी चुका करत शिकले. त्यातली एक चूक माझ्या स्वतःच्या घरातली आहे, ती शेवटी सांगते.

आधी दवाखान्यातलं नेहमीचं दृश्य सांगते. मंडळी, कोणी अंगावर घेऊ नका, कारण हे सगळ्याच घरांतून येतं. बाहेर बाकावर पाच-सहा जण बसलेत. एक आई, मांडीवर पिल्लू, शेजारी पाच वर्षांचा मुलगा. मुलगा कंटाळलाय. वजनकाट्यावर चढतोय, उतरतोय, दुसऱ्याच्या कुत्र्याच्या शेपटीला हात लावतोय. आई थकलेली आहे. आणि मग ते वाक्य येतं, "गप्प बस, नाहीतर त्या डॉक्टरबाई तुलाच सुई टोचतील हं!"

मुलगा गप्प बसतो. तीन मिनिटं बसतो. पण त्या तीन मिनिटांत त्याच्या डोक्यात एक हिशेब पक्का होतो की सुई ही शिक्षा असते. मग आत येऊन मी त्याच्या पिल्लाला लस देते. पिल्लू कुंई करतं. एकदा अशाच एका चिमुरडीनं लस झाल्यावर मला विचारलं, "त्यानं काय केलं होतं?" मला आधी कळेचना. मग तिनं परत विचारलं, "काय वाईट केलं होतं त्यानं?" मी तिला सांगायचा प्रयत्न केला, पण तिचा चेहरा काही खुलला नाही. घरी जाताना तिनं पिल्लाला जवळ घेतलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. बहुतेक 'पुन्हा असं करू नकोस' असंच असेल.

तेव्हा आजच्या भाषणातली माझी एकच विनंती आहे. मुलांना जनावराबरोबर दवाखान्यात जरूर आणा, पण काय होणार आहे ते आधी खरं सांगून आणा. थोड्या शब्दांत सांगा, पण खरं सांगा.

म्हणजे काय? आदल्या दिवशी संध्याकाळी सांगायचं. आठवडाभर आधी नको, लहान मुलं तेवढा काळ ते मनात घोळवत बसतात. आणि रिक्षात बसल्यावरही नको. "उद्या मोतीला डॉक्टरकडे न्यायचंय. डॉक्टर त्याचं वजन करतील, कान बघतील, दात बघतील, मग एक सुई देतील. ती थोडी दुखेल. तो ओरडेलही. मग संपेल." इतकंच. आपल्याला मोह होतो की 'काही दुखत नाही' असं म्हणावं. म्हणू नका. कारण उद्या तो कुत्रा ओरडणार आहे आणि मुलगा ते ऐकणार आहे. मग तो कुत्र्यावर विश्वास ठेवेल, तुमच्यावर नाही.

त्या संध्याकाळी 'डॉक्टर डॉक्टर' खेळा. घरातलं कुठलंही कापडी अस्वल, टेडी चालेल. मुलाला डॉक्टर करा. टेबलावर चादर घाला. टेडीचा कान उलटा करून बघायचा, ओठ वर करून दात बघायचे, चारही पंजे हातात घेऊन बोटांच्या मधे गोचीड आहे का ते बघायचं, पोट दाबायचं. आणि हो मुलांनो, थर्मामीटर. माणसाला आपण काखेत किंवा तोंडात लावतो. कुत्र्याला कुठे लावतात माहीत आहे का? (इथे सभागृहात जो गोंधळ झाला तो लिहिता येत नाही.) बरोबर. शेपटीखाली. हसून घ्या आत्ताच, म्हणजे दवाखान्यात हसायला येणार नाही. आणि कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. १०१ ते साधारण १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं. त्यामुळे हात लावून 'ताप आलाय' म्हणू नका, आणि नाक कोरडं म्हणजे ताप हेही खरं नाही.

हाच खेळ मग खऱ्या कुत्र्याशी मोठ्या माणसानं रोज दोन मिनिटं खेळायचा. कान, ओठ, पंजे. प्रत्येक वेळी एक बिस्किटाचा तुकडा. ज्या कुत्र्याचा पंजा घरी कोणी कधी हातात घेतला नाही, तो माझ्या टेबलावर पहिल्यांदा देईल कसा? मांजरवाल्यांना वेगळं सांगते. ती प्लास्टिकची बास्केट माळ्यावरून फक्त दवाखान्याच्या दिवशी काढता ना? मांजर ती बघितल्याबरोबर पलंगाखाली जातं, मग अख्खं घर झाडू घेऊन त्याच्या मागे, मुलं किंचाळतायत, आणि माझ्याकडे पोचेपर्यंत सगळेच रडकुंडीला आलेले. बास्केट चार-पाच दिवस आधी काढा, आत जुना टॉवेल घाला, दार उघडं ठेवा, खाऊ आत ठेवा. मुलांना हे काम द्या, ती फार मन लावून करतात. मांजर स्वतःहून आत जाऊन झोपेल. निदान बसेल तरी.

आता कोणी यायचं हे सांगते. माझा नियम साधा आहे. एक मोठं माणूस जनावरासाठी आणि एक मोठं माणूस मुलासाठी. एकच माणूस असेल तर लहान मुलाला आजीकडे ठेवा, शेजारी ठेवा. आपल्या सोसायटीचा तेवढा तरी उपयोग आहे. चार वर्षांच्या आतल्या मुलाला तर मी शक्यतो आणू नका म्हणते. त्याला काही कळण्यासारखं नसतं, आणि दवाखान्याच्या फरशीवर आजारी पिल्लांची विष्ठा, ओकारी पडून गेलेली असते. आम्ही पुसतो, फिनेल टाकतो, तरी ती फरशी रांगायची नाही. लस पूर्ण न झालेलं पिल्लूही त्याच कारणासाठी खाली सोडायचं नाही. मांडीवरच धरायचं.

आणि एखादं मूल म्हणालं की मला यायचं नाही, तर नको. भित्रा म्हणू नका. "तू बाहेरच्या बाकावर बाबांबरोबर बस, झालं की मोतीला तुझ्याकडे आणते," एवढं पुरतं. मी मोठमोठ्या मिशावाल्या गृहस्थांना सुई बघून भिंतीला टेकताना पाहिलंय. एकाला तर कुत्रा टेबलावर तसाच ठेवून पाणी द्यावं लागलं.

दवाखान्यात आल्यावर मुलांनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी, नीट ऐका. बाकावर बसलेल्या दुसऱ्या कुठल्याही जनावराला हात लावायचा नाही. ते कितीही गोड असलं तरी. ते आजारी आहे, घाबरलेलं आहे, आणि त्याला तुम्ही माहीत नाही. घाबरलेला कुत्रा आधी भुंकतच नाही. तो जांभया देतो, जीभ सारखी ओठांवरून फिरवतो, शेपूट पोटाखाली घेतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. आपल्याला वाटतं झोप आली असेल. ती झोप नाही.

दुसरी गोष्ट, टेबलावर आपल्या कुत्र्याला धरायचं काम मुलांचं नाही. आणि हे मी मोठ्यांनाही सांगतेय. मोठी माणसं म्हणतात, "अहो, आमचा हिच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही," आणि आठ वर्षांच्या मुलीला पुढे करतात. त्या मुलीचा चेहरा टेबलाच्या उंचीवर कुठे येतो ते बघा. बरोबर कुत्र्याच्या तोंडासमोर. दुखल्यावर जगातला सगळ्यात गरीब कुत्रासुद्धा जे समोर असेल त्याला चावतो, आणि नंतर त्यालाच वाईट वाटतं. मुलीनं मागे, शेपटीच्या बाजूला, आईचा हात धरून उभं राहायचं. तिथून हाक मारली तरी कुत्र्याला ऐकू येतं. तोंडाला मुसकं बांधलं तर ती शिक्षा नव्हे हेही घरीच सांगून ठेवा. एका मुलानं मला सांगितलं होतं, "आम्ही कोरोनात लावायचो तसंच ना?" मी म्हटलं, अगदी तसंच.

पण मुलाला नुसतं उभं ठेवलं तर ते रडणारच. त्याला काम हवं. लसीचं कार्ड सांभाळायचं. वजन किती भरलं ते लिहायचं. घरून दोन प्रश्न लिहून आणायचे आणि डॉक्टरांना विचारायचे. हे मी गमतीनं सांगत नाहीये. मुलांचे प्रश्न कधी कधी मोठ्यांपेक्षा चांगले असतात, कारण दिवसभर जनावराच्या पातळीवर, जमिनीवर, तीच असतात.

त्यावरून एक प्रसंग सांगते. माझ्या दवाखान्यात एक लॅब्राडोर आला होता. दोन दिवस ओकत होता, खात नव्हता, मलूल. आई-वडील दोघंही म्हणाले, काहीही वेगळं खाल्लेलं नाही, रोजचंच. आठ वर्षांचा मुलगा कोपऱ्यात. तो काही बोलत नव्हता, पण कुत्र्याकडे एकसारखा बघत होता. मी आईला कागदावर सही करायला बाहेर पाठवलं आणि त्याला सहज विचारलं, "तू दोन दिवसांत काय काय पाहिलंस रे?" 'तू काय दिलंस' असं विचारलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बेदाणे." घरी सत्यनारायण होता. शिऱ्यासाठी आणलेल्या बेदाण्यांचं अर्धं पाकीट त्यानं प्रसाद म्हणून कुत्र्याला भरवलं होतं. प्रसाद द्यायचा असतो सगळ्यांना, असं आजीनं शिकवलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

द्राक्षं, मनुके, बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडावर घाला घालतात. सगळ्या कुत्र्यांना सारखंच होतं असं नाही, आणि किती खाल्ल्यावर होतं हेही आधी सांगता येत नाही, म्हणून एकही द्यायचा नाही. त्या एका शब्दानं माझा सगळा उपचार बदलला. लगेच रक्त तपासलं, चार दिवस सलाईन चाललं, कुत्रा वाचला. आई आत आली तेव्हा तिचा हात उठलाच होता. मी मधे पडले. म्हटलं, "ताई, आत्ता त्याला मारलंत तर पुढच्या वेळी तो मला सांगणार नाही."

जाता जाता बाकीचंही सांगून टाकते, म्हणजे घरी विचारायला नको. चॉकलेट नाही. कांदा-लसूण नाही, म्हणजे भाजीचा रस्साही नाही. बिनसाखरेचं च्युइंगगम नाही. आणि मांजराला तापाची पॅरासिटामॉलची गोळी, अर्धीसुद्धा, कधीही नाही. त्यानं मांजर मरतं. हे मी भीती घालायला सांगत नाही, मी ते पाहिलेलं आहे.

आता जरा गंभीर. ज्या मुलाला आपण लहानपणापासून सुईची भीती घालतो, ते मूल एक दिवस एक गोष्ट लपवतं. आमच्याकडे एका रविवारी कुत्र्यांच्या लसींसाठी रांग होती. एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आपलं मांजर घेऊन आला होता. मी मांजराला रेबीजची लस देताना तो हळूच म्हणाला, "ही माणसांना पण देतात का?" मी म्हटलं, का रे? त्यानं पँट वर केली. पोटरीवर दातांच्या चार खुणा. पार्किंगमधलं कुत्र्याचं पिल्लू, चार दिवसांपूर्वी. घरी सांगितलं नव्हतं, कारण "आई म्हणते पोटात चौदा सुया देतात."

पोटातल्या चौदा सुया हा आपल्या लहानपणचा प्रकार. तो कधीच गेला. आता दंडावर देतात, थोडेच डोस असतात, आणि बाकी कुठल्याही लसीइतकंच दुखतं. जखम खोल असेल तर जखमेतही एक औषध भरतात, ते जास्त दुखतं, तेही मुलाला खरं सांगा. पण त्या आधी जे करायचं ते घरीच करायचं. चावलं, ओरखडलं, की ताबडतोब नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की मग उपाय जवळजवळ राहतच नाही. पण त्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांपैकी दहांत चार जण पंधरा वर्षांच्या आतले असतात. म्हणजे इथे सतरंजीवर जी बसलीत ती.

मुलांनो, रेबीजच्या लसीची गोष्ट एका मुलापासूनच सुरू झाली. जोसेफ माइस्टर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा. फ्रान्सजवळच्या आल्सास भागातला. पिसाळलेला कुत्रा त्याला ठिकठिकाणी चावला. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेली. पाश्चर माणसांचे डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते, आणि त्यांची लस तोवर कुत्र्यांवरच चालवून पाहिलेली. ६ जुलै १८८५ ला त्याला पहिलं इंजेक्शन दिलं, दहा-अकरा दिवसांत तेरा दिली. मुलगा वाचला. मोठा झाल्यावर तो पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच राखणदार म्हणून राहिला. पाश्चर गेले ती तारीख २८ सप्टेंबर, म्हणून त्या दिवशी आता जागतिक रेबीज दिन असतो. मला मात्र त्या गोष्टीत नेहमी ती आई दिसते. मुलानं तिला दाखवलं म्हणून ती त्याला घेऊन निघाली.

तो मांजरवाला मुलगा त्याच दिवशी लस घ्यायला गेला. चार दिवस झाले होते, तरी द्यायची असते, उशीर झाला म्हणून सोडायची नसते. त्याच्या आईला मी फोन केला तेव्हा मला त्याचं नाव सांगायचा धीर होत नव्हता, इतकी मी घाबरले होते.

आता माझं स्वतःचं.

जुन्या मंडळींना आमचा वाघ्या आठवत असेल. २००० साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तो चार वर्षांचा होता. सोसायटीच्या अगदी पहिल्या सर्वसाधारण सभेत पाण्याची टाकी, मेंटेनन्स आणि वाघ्या असे तीनच विषय गाजले. कुत्र्याला लिफ्टमधून न्यायचं की नाही यावर दीड तास चर्चा झाली. आज ज्यांच्या घरी दोन पग आहेत ते काका तेव्हा विरोधी पक्षात होते, हे मी त्यांची परवानगी घेऊन सांगतेय. शेवटी ठरलं की लिफ्ट रिकामी असेल तेव्हा न्यावं. वाघ्यालाही ते समजायचं. लिफ्टमध्ये कोणी असलं तर तो आपला जिन्याकडे वळायचा.

माझा मुलगा जन्मला तेव्हापासून वाघ्या त्याच्या पाळण्याखाली झोपायचा. २००९ च्या फेब्रुवारीत वाघ्या तेरा वर्षांचा होता, मूत्रपिंडं गेली होती, दोन आठवडे मी घरीच सलाईन देत होते. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. एके दिवशी सकाळी वाघ्याला उठताच येईना. मी ठरवलं. मुलगा शाळेत गेला, आणि साडेदहाला मी माझ्या हातानं वाघ्याला इंजेक्शन दिलं. आधी गुंगीचं, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. त्यात वेदना नसते, हे मी शेकडो लोकांना सांगितलं होतं.

दुपारी मुलगा आला. "वाघ्या कुठाय?" मी म्हटलं, "निफाडला पाठवला. आजोबांच्या मळ्यात. तिथे मोकळी हवा आहे, बरं वाटेल." इतक्या सहज म्हटलं की मलाच आश्चर्य वाटलं. दिवसभर जी मी दुसऱ्यांच्या आयांना सांगते, 'खरं सांगा हं', तीच मी. माझ्या मनात होतं, परीक्षा होऊ दे, मग सांगू. परीक्षा झाली. मग निकाल होऊ दे. अशी मे महिन्याची सुट्टी आली.

निफाडला जायला निघालो तेव्हा त्याच्या पाठीवरच्या दप्तरातून खडखड आवाज येत होता. गाडीत बसल्यावर त्यानं ते उघडलं. वाघ्याचं स्टीलचं भांडं, आणि पार्ले-जीचे दोन पुडे. एक वाघ्याला आणि एक, म्हणाला, "त्याच्या तिथल्या मित्रांना."

मी इगतपुरीपर्यंत काही बोलू शकले नाही. इगतपुरीला गाडी थांबली, तिथे सांगितलं. माझी समजूत होती तो रडेल. तो रडला नाही. त्यानं विचारलं, "मी तेव्हा कुठे होतो?" शाळेत. "कुठला तास चालू होता?" मला माहीत नव्हतं. तो बोटांवर मोजायला लागला. मग म्हणाला, "चित्रकला." आणि खिडकीकडे तोंड करून बसला. निफाडला मळ्यात तो दोन दिवस तरीही प्रत्येक कुत्र्याला नीट बघत होता. म्हणजे मी इगतपुरीला जे सांगितलं त्यावरही त्याचा विश्वास नव्हता, आणि मी त्याला काय म्हणणार होते?

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठाण्यात आणलं. मुलानं शाळेत जायला साफ नकार दिला. चप्पल लपवली, दाराला पाठ लावून बसला. मोतीबिंदू म्हणजे काय ते त्याच्या वडिलांनी चित्र काढून समजावलं. तो म्हणाला, "आई मागच्या वेळी पण असंच म्हणाली होती." सासरे म्हणाले, चला, त्याला बरोबर घ्या. नातवाला मांडीवर बसवूनच ते रिक्षात बसले.

म्हणून अशी वेळ तुमच्यावर आली तर मुलाला आधी सांगा. 'मरणार आहे' हा शब्द वापरा. 'झोपवणार' म्हणू नका. उद्या त्याचं स्वतःचं टॉन्सिल्सचं ऑपरेशन निघालं आणि डॉक्टर म्हणाले 'तुला झोपवतो' तर? देवाघरी गेला, तारा झाला, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे सांगा, पण आधी तो साधा शब्द सांगून झाल्यावर. मुलाला यायचंय का विचारा, आणि नको म्हणालं तर तेही ऐका. यायचं असेल तर काय दिसेल ते सांगा. डोळे उघडेच राहतात. कधी कधी मागाहून एक मोठा श्वास येतो, तो दुखल्याचा नसतो. सूही होऊ शकते. त्याच्याबरोबर असं एक माणूस ठेवा जे त्याला मध्येच बाहेर नेऊ शकेल.

आपल्याच सी विंगमधली एक मुलगी, तेव्हा पाचवीत होती, तिच्या म्हाताऱ्या मांजरीबरोबर आली होती. तिच्या आईनं सगळं आधी सांगितलं होतं. तिनं मांजरीचे कान पुसले, आवडता टॉवेल गुंडाळला, पहिलं इंजेक्शन होईपर्यंत पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग मला म्हणाली, "आता मी बाहेर थांबते. चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. खूप रडली बाहेर. दहा मिनिटांनी आत येऊन टॉवेल परत नको म्हणाली, तिच्याबरोबरच असू दे.

माझा मुलगा आता बंगळूरला नोकरीला आहे. परवा फोनवर सांगितलं की सोसायटीत या विषयावर बोलतेय, वाघ्याची गोष्ट सांगू का? थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सांग. ते भांडं आहे का अजून?" आहे. गॅलरीत चिमण्यांसाठी पाणी ठेवतो आम्ही त्यात.

माझं बोलणं झालं. मुलांनो, प्रश्न विचारा.

(मुलांनी बरेच प्रश्न विचारले. जागेअभावी दोनच देत आहोत.)

"डॉक्टर काकू, तुम्हाला कुत्रा चावलाय का?"

"चार वेळा. हा इथे, अंगठ्यावर, बघून जा नंतर. मी तर लस आधीच घेऊन ठेवलेली असते, तरी प्रत्येक वेळी साबणानं धुतलं आणि परत डोस घेतले. मांजरांचे ओरखडे मोजलेले नाहीत."

"ते थर्मामीटर तुम्ही धुता का?"

"धुते. प्रत्येक वेळी. आणि ते घरी आणत नाही, आईला सांग."